मागे डावीकडचं वजन

१

आमच्या घरात कायदा एकच होता: माझ्या सेटिंगला हात लावायचा नाही.

बाकी कशालाही लावा. माझा टॉवेल घ्या, माझा चहा गार होईपर्यंत मला हाका मारा, माझ्या पोरीला काय घालायचं आणि कुठल्या कुशीवर निजवायचं यावर वाटेल ते बोला. लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बायकाही बोलतात, मग तुम्हीच का मागे राहायचं? पण दुपारी ढमी झोपली की मी जे काही करते ते माझं.

मी काय करते, तर गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये गाडी जुळवते. चालवत नाही. चालवण्यात मी अगदीच सुमार, पहिल्या वळणावरच भिंतीत. चालवतो नवरा. लग्न झाल्यापासून आमचं असंच आहे. तो सोफ्याच्या कडेवर बसून गाडी हाणणार आणि मी मागे पाय वर घेऊन म्हणणार, "तिसरा गिअर लवकर संपतोय तुझा. आण इकडे." मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. कुठला गिअर किती लांब ठेवायचा, चाकांत हवा किती, मागची स्प्रिंग किती कडक, हे आकडे जरा जरा हलवायचे आणि मग तीच गाडी त्याच वळणावर शहाण्यासारखी वळताना बघायची, यात मला जे सुख मिळतं ते कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं की लोक विचारतात, "आणि तेव्हा बाळ कुणाकडे असतं?"

गेममधली गाडीही साधीच निवडलेली. छोटी, चंदेरी, चार दारांची. खाली उभ्या असलेल्या आमच्या गाडीसारखी दिसते म्हणून घेतली. आणि माझ्या प्रत्येक सेटिंगवर माझी एक खूण असते. पुढच्या उजव्या चाकात मी हवा डाव्यापेक्षा एक घर कमी ठेवते. त्याला शास्त्रीय कारण काही नाही. मला बरं वाटतं, एवढंच.

त्या दुपारी ढमी झोपली, मी टीव्हीचा आवाज बारीक केला, सेटिंगचं पान उघडलं, आणि बघते तर दुसरा गिअर आखूड केलेला.

गिअर आखूड केला की गाडी जोर लावते पण वेग धरत नाही. चढाला ठीक. पण आमच्या त्या मोकळ्या, सपाट ट्रॅकवर असा दुसरा गिअर म्हणजे गमबूट घालून धावायला उतरणं. माझ्या कानशिलात ठण ठण व्हायला लागलं. महिनाभर एकेक दात घासून बसवल्यासारखे बसवलेले गिअर, आणि कुणीतरी येऊन बोट लावून गेलं होतं.

मी सगळं पूर्वीसारखं केलं. सेव्ह केलं. संध्याकाळची वाट बघत बसले.

२

"तू दुसऱ्या गिअरला हात लावलास?"

"कशाच्या?" नवरा अजून बूट काढत होता.

"आपल्या. गेममधल्या."

"अगं, मी टीव्हीसमोर बसलोय तरी का इतक्यात? येतो, जेवतो, ढमीला खेळवतो, आडवा होतो."

"मग गिअर आपोआप आखूड झाला?"

"तूच केला असशील, पेंगता पेंगता." मग तो मवाळ झाला, आणि तेच मला जास्त झोंबलं. "झोप होत नाहीये ना तुझी."

झोप! बाळ झाल्यापासून माझ्या तोंडून निघालेल्या प्रत्येक वाक्याला या घरात हेच एक उत्तर आहे. नळ गळतोय म्हटलं तरी झोप होत नाही तुझी. नळ गळतच होता. ते प्लंबरने सांगितल्यावर पटलं. त्याची बहुधा झोप झाली असावी.

सासूबाई ढमीची दुपटी घडी करत होत्या. माझी रजा सोमवारी संपणार, ढमी पाळणाघरात जाणार, तोवर हाताशी म्हणून त्या आल्या होत्या. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "मला त्या रिमोटचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं तेही कळत नाही."

"मी काही म्हटलं का आई?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

नवरा हसला. ढमीही हसली, कारण तो हसला. मी एकटीच गंभीर, म्हणजे अर्थातच मीच विचित्र.

३

दुसऱ्या दिवशी दुसरा गिअर पुन्हा आखूड. आणि या खेपेला तेवढ्यावर भागलं नव्हतं.

मागच्या डाव्या चाकात हवा जास्त भरली होती. त्या बाजूची स्प्रिंग जराशी कडक. धक्के शोषून घेणारी पट्टी मात्र ओढून पार मऊ केलेली. ब्रेकचा जोर थोडा मागे सरकवलेला. आणि सगळ्यात खाली, जिथे मी कधी फिरकत नाही, तिथे जादा वजनाचं खातं असतं. गाडीत मुद्दाम ओझं ठेवून तोल बदलायचा असेल तर. तिथे वजन ठेवलं होतं. मागे, डावीकडे.

शर्यतीच्या गाडीत ओझं! लोक गाडीतलं सीटसुद्धा उपटून टाकतात हलकी व्हावी म्हणून.

मी आधी मनसोक्त चिडले. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली आणि एकेक आकडा तपासायला लागली. तपासता तपासता मला चिडणं जमेना. हा कुणाच्या अडाणी बोटांचा खेळ नव्हता. मागे डावीकडे तेवढं वजन असेल तर हवा एवढीच हवी. स्प्रिंग एवढीच. ब्रेकही तिथेच. एक आकडा दुसऱ्याचा हात धरून उभा होता. मी जशी जुळवते तशी.

पुढच्या दोन्ही चाकांतली हवाही बदललेली होती, आणि तरी उजव्यात डाव्यापेक्षा एक घर कमी.

माझी खूणसुद्धा उचलली! चोराने चोरी करावी, पण सही तरी स्वतःची करावी. मी कंट्रोलरमधल्या बॅटऱ्या काढल्या आणि ढमीच्या लंगोटांच्या खणात तळाशी घातल्या. या घरात माझ्याशिवाय त्या खणात आपण होऊन हात घालणारं कुणी नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटऱ्या तिथेच होत्या. सेटिंग तेच होतं, फक्त धक्क्यांची पट्टी आणखी मऊ झाली होती. कुणीतरी त्यावर परत विचार केल्यासारखी.

४

त्याच आठवड्यात ढमीला लस द्यायची होती. नवऱ्याने अर्धी रजा काढली. ढमीचं सीट गाडीत मागे डावीकडे बांधलेलं असतं. मी तिच्या शेजारी, उजवीकडे बसते आणि तिची मान पडू नये म्हणून सारखा हात पुढे धरून असते. नवरा म्हणतो, "तू बसतेस की पहारा देतेस?"

आमचा रस्ता फाटकातून निघतो तो थेट चढालाच लागतो. मग दोन गतिरोधक, मग पाण्याच्या टाकीची पांढरी भिंत आणि तिथलं आंधळं वळण, मग उतार. दवाखाना त्याच रस्त्यावर, पाळणाघर त्याच्याही पुढे. रोजचा रस्ता. मी ढमीच्या टोपीची नाडी सोडवत होते, आणि कानावर गाडीचा आवाज पडत होता. पहिला गिअर, दुसरा. चढावर दुसरा घुमत घुमत वर गेला आणि अगदी दम संपताना तिसरा पडला. गतिरोधक. परत दुसरा. परत तसाच घुमला.

माझा हात नाडीवरच राहिला. हा आवाज मी घरात, बारीक करून, दोन दिवस ऐकत होते. शर्यतीच्या ट्रॅकवर तो दुसरा गिअर चुकीच्या जागी संपत होता. इथे तो बरोबर जागी संपत होता.

दवाखान्यात नर्सने ढमीला काट्यावर ठेवलं. "वा, खाते की नाही छान!" मी आकडा वाचला. घरी आल्यावर माळ्यावरून सीटचं खोकं काढलं, त्यावर छापलेलं सीटचं वजन बघितलं, आणि दोन्हींची बेरीज केली. बेरजेला पदवी लागत नाही, पण मी ती परत परत करून पाहिली.

गेमच्या त्या खात्यात तोच आकडा होता.

आता सांगते ते कुणाला पटणार नाही, मलाही पटत नाही. भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं. कुणाला तरी माझ्यासारखीच काळजी होती. पोरगी मागे बसलीये, धक्का बसू नये, वळणावर मान कलंडू नये, म्हणून कुणीतरी माझ्याइतकंच डोकं लावून बसलं होतं. घरातल्या कुणी एवढं केलं नव्हतं. मी ते सेटिंग तसंच राहू दिलं.

मग भीती वाटली, आणि मागोमाग संताप. माझी पोर आहे. तुला कुणी विचारलं होतं?

५

शुक्रवारी दुपारी सासूबाई आत लवंडल्या होत्या. मी सेटिंग उघडलं.

वजन शून्य.

स्प्रिंगा दोन्हीकडे सारख्या. मागच्या डाव्या चाकातली हवा उतरवलेली. ब्रेक परत पुढे. गिअर मात्र तसेच, आमच्या रस्त्याचे. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त मागे कुणी नाही. मी पान बंद करून परत उघडलं. शून्य.

त्या पानाखाली आणखी एक गोष्ट होती: नवी सावली. सावली म्हणजे काय ते सांगते. तुमची सगळ्यात वेगवान फेरी गेम जपून ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही गाडी सोडलीत की ती जुनी फेरी धुरकट काचेच्या गाडीसारखी तुमच्याबरोबर धावते. गेमवाले तिला घोस्ट म्हणतात, आम्ही सावली म्हणायचो. तिला आवाज नसतो. तिला धडकता येत नाही, तुम्ही तिच्यातून आरपार जाता. आणि गेम फक्त वेगवानच फेरी ठेवतो. निदान ठेवायचा.

मी बघायला म्हणून ती फेरी लावली. सावली निघाली, आणि अशी निघाली की मागून सायकलवाल्याने घंटी वाजवावी. सपाट मोकळ्या ट्रॅकवर ती चढावर असल्यासारखी दुसऱ्या गिअरवर रेंगाळत चालली होती. रिकाम्या जागी दोनदा हळू झाली, गतिरोधक असावेत तशी. तिची मागची बाजू डावीकडे किंचित बसलेली होती. वजन होतं तिच्यात. माझं डोकं अजूनही मास्तरणीसारखंच चाललं होतं: सेटिंग शून्याचं, आणि सावलीत वजन, मग हे जुळत नाही.

पुढे एक वळण येतं, त्याच्या कडेला पांढरी भिंत आहे. सगळ्या ट्रॅकवर असतात तशी. तिथे सावली थांबली.

गेममध्ये कुणी थांबत नाही. ती थांबली. काही झालं नाही. ट्रॅकवर कुणी दिसलं नाही. मग मागच्या डाव्या चाकावर बसलेली गाडी हळूच वर आली. कुणी मांडीवरून मूल उचललं की मांडीला वाटतं, तशी. आणि बारीक केलेल्या टीव्हीतून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मऊ. झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून तळव्याने लोटल्यासारखा.

सावली निघून गेली. हलकी, आणि चांगली भरधाव.

६

"आपण ती गाडी वापरायची नाही," मी नवऱ्याला सांगितलं.

"कुठली गाडी?"

"खरी. खालची."

सगळं सांगितलं. बेरीज, शून्य, दार. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. तेही वाईटच लक्षण.

"उद्या डॉक्टरबाईंना फोन करूया का?" तो म्हणाला.

"ढमीच्या?"

"तुझ्या."

"मला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. सोमवारपासून रोज तू तिला घेऊन गाडीने जाणार, त्याचं टेन्शन आलंय. होतं असं. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच होतं."

"तू बघ तरी एकदा! पाच मिनिटं बस माझ्याबरोबर, लावून दाखवते."

तो बसला. मी लावलं. सावलीची फेरी नव्हती. सेटिंगमधलं शून्य होतं, पण शून्य तर मीही ठेवलं असतं. शर्यतीच्या गाडीत ओझं कशाला, हे मीच नाही का त्याला शिकवलं?

"हे तर तुझंच सेटिंग आहे," तो म्हणाला, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मस्त आहे की."

असा राग आला म्हणून सांगू! ओरडला असता तर परवडलं असतं. हा माणूस माझी समजूत घालत होता. आतून सासूबाईंचा आवाज आला, "तिला दूध देऊ का गरम करून?" माझ्याबद्दल, माझ्यादेखत, तिसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं.

"गाडी वापरायची नाही," मी परत म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. लहान मुलांना म्हणतात, तसं.

७

शनिवारी सकाळी मला जाग आली तीच घर फार शांत आहे म्हणून. पाळण्यात ढमी नव्हती.

"पाळणाघरात नेलंय," सासूबाई म्हणाल्या. "आज त्यांनी थोडा वेळ बसवायला बोलावलं होतं ना, सवय व्हावी म्हणून. मीच म्हटलं त्याला, जा घेऊन, ती झोपलीये तर झोपू दे."

"गाडीने?"

"मग काय पाठीवर?"

"मी सांगितलं होतं! दोघांनाही सांगितलं होतं, माझ्या तोंडावर बरं म्हणालात तुम्ही!"

"अगं, आवाज किती चढवतेस! तुझ्याच झोपेसाठी केलं."

मी नवऱ्याला फोन लावला. तो स्वयंपाकघरात ओट्यावर वाजला, चार्जिंगला लावलेला. मी खिडकीशी गेले. खाली गाडीच्या जागेवर तेलाचा डाग तेवढा होता.

पायी धावून मी गाडीला गाठणार नव्हते. मग मी जे केलं ते कुठलीही शहाणी बाई करणार नाही हे मला मान्य आहे. मी टीव्ही लावला.

वजन शून्य. मी पट्टी ओढून आकडा परत जागेवर नेला. बोट सुटलं की पट्टी शून्यावर. पुन्हा नेला. पुन्हा शून्य. अंगठ्याने दाबून धरली, तर अंगठ्याखाली ती थरथरत राहिली, कुणीतरी पलीकडून तितक्याच नेटाने ओढत असल्यासारखी. "सोड," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी मी फेरीच सुरू केली. सावली समोर होती. फाटकातून निघाल्यासारखी निघून चढ चढत होती, मागून डावीकडे बसलेली.

मला चालवता येत नाही. पण हे गिअर कुठे संपतात ते मला पाठ होतं, आणि हे सेटिंग माझं जसं ऐकत होतं तसं आजवर कुठलंच ऐकलं नव्हतं. दुसरा, तिसरा. पहिला गतिरोधक. दुसरा. मी तिच्या मागोमाग पोचले तेव्हा पांढरी भिंत दिसायला लागली होती आणि सावली हळू होत होती. थांबायच्या बेतात होती. भिंतीपाशी, ट्रॅकच्या कडेला, जिथे नुसतं रंगवलेलं गवत असतं, तिथे काहीतरी उभं होतं. हिरवट. मी तिकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. होतं नव्हतं तेवढं बटण दाबून गाडी सरळ सावलीवर घातली.

आरपार जायला हवी होती.

कंट्रोलर हातात असा आदळला की मनगटापर्यंत कळ आली. सावली पुढे ढकलली गेली, भिंत ओलांडून, वळणापलीकडे. थोडी वेडीवाकडी झाली, सावरली, आणि चालायला लागली. मागची डावी बाजू अजून खाली बसलेली होती.

"काय खेळ हे," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी घरात नाही, आणि हिला शर्यत सुचतेय."

८

ते परत आले. नवरा दारात उभा राहिला, ढमीला छातीशी धरून. मी तिला त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. ती जड होती, तिला घाम आला होता, तिच्या तोंडाला बिस्किटाचा वास येत होता. तिच्याएवढं जड जगात काही नसेल.

"तू घरी कधी पोचलीस?" नवऱ्याने विचारलं.

"मी कुठे गेले होते?"

"चेष्टा नको. टाकीच्या वळणाला उभी होतीस की. हात केलास मला."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, ती इथेच होती. टीव्हीसमोर. आधी माझ्यावर ओरडली, मग टीव्हीवर."

तो खुर्चीत बसला. बूट न काढताच बसला, हे त्याच्या आईनेही पाहिलं आणि चालवून घेतलं.

"मी गाडी हळू केली," तो म्हणाला. "थांबणारच होतो. तू हात केल्यावर मी थांबणार नाही का? तू ढमीच्या बाजूला आलीस. दाराच्या हँडलला हात घातलास. आणि मागून कुणीतरी ठोकलं आम्हाला. चांगलंच ठोकलं, गाडी वळणापलीकडे गेली. उतरून पाहिलं तर मागे गाडी नाही, बंपरला ओरखडा नाही. आणि तूही नाहीस."

"माझ्या अंगावर काय होतं?"

"तो हिरवा कुर्ता. तुला येईनासा झालाय तो."

कुर्ता कपाटात वर, बांधून ठेवलेल्या कपड्यांत होता. ढमीच्या आधीचा. विचारायचं एकच उरलं होतं आणि ते मला विचारायचं नव्हतं.

"कशी दिसत होते मी?"

त्याने खरंच विचार केला. मला खोटं सांगायला हवं होतं त्याने. नवरे एरवी सांगतातच की.

"छान," तो म्हणाला. "पूर्वीसारखी. म्हणजे, झोप झाल्यासारखी."

९

रविवारी दुपारपर्यंत त्याला सगळ्याची कारणं सापडली होती. ऊन डोळ्यांवर आलं असणार. दुसरीच कुणी बाई असणार, लिफ्ट मागत असेल. धक्का गतिरोधकाचा. दोन्ही गतिरोधक वळणाच्या बरेच अलीकडे आहेत, हे मी सांगितलं नाही. मी काहीही सांगितलं तरी माझी झोप होत नसते, आणि त्याने स्वतः डोळ्यांनी बघितलं तर ऊन असतं.

"उद्या गाडी तू घे," तो म्हणाला. "मी बसने जाईन. एकदा तुझ्या हाताने गेलीस की डोक्यातून जाईल सगळं."

मी खाली गेले, ढमीचं सीट सोडवलं आणि उचलून वर आणलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग उद्या पोरीला कशात नेणार?" मी म्हटलं, "कडेवर." गेमचं खोकं तारांसकट काढलं, चादरीत गुंडाळलं आणि झोपायच्या खोलीतल्या कपाटावर टाकलं. बॅटऱ्या पर्समध्ये घातल्या. नवरा केस कापायला गेला होता. मी खोलीचं दार ओढून घेतलं, ढमीला कुशीत घेतलं, शेजारी ते रिकामं सीट, आणि डोळे सताड उघडे ठेवून पडले. शाळा मी सोडेन, वाटलं तर. हवं ते म्हणा मला. त्या वळणावरून मी हिला नेणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला नेऊ देणार नाही.

ढमी झोपली. घर दुपारचं असतं तसं झालं.

बाहेरच्या खोलीत टिकटिक सुरू झाली.

तो आवाज मी कुठेही ओळखेन. सेटिंगची पट्टी सरकवताना प्रत्येक घराला एक टिक होते. टिक, टिक. थांबणं. ऐकणं. पुन्हा एक टिक. घाई नव्हती त्यात. आवाज बारीक केलेला होता, बाळ झोपलं असताना करतात तसा. मी कपाटावर पाहिलं. चादरीचं गाठोडं जागच्या जागी होतं.

मला ओरडायचं होतं. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, माझ्या वेळेत! पण ओरडले असते तर ढमी उठली असती.

स्वयंपाकघरातून सासूबाईंच्या चपलांचा आवाज आला. त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि मध्येच थांबल्या. मी वाट बघितली. आता त्या किंचाळतील, आता तरी या घरात कुणीतरी किंचाळेल.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. असल्या प्रेमाने त्या माझ्याशी कधी बोललेल्या नाहीत. "आज किती बरी दिसतेस गं. झोप झाली वाटतं."

त्यावर कुणीतरी हळूच काहीतरी बोललं. त्या हसल्या. शेवटची एक टिक झाली आणि आवाज थांबला.

मी ढमीला घट्ट धरायला उचललं. ती गाढ झोपेत होती, श्वास नीट चालला होता. आणि माझ्या हातांना ती अगदी हलकी लागली.